कडू कवठ, एस्टर आणि कलाउपापा

‘कुष्ठरोगावर आपल्या पूर्वजांकडे औषध होतंच’ असा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतो. होतं की! सुश्रुताचं तुवरक, म्हणजे आपलं कडू कवठ. पण त्याचं तेल अंगात मुरवायचं कसं, हा खरा पेच होता. तो सुटला हवाईत.

तिथल्या मोलोकाई बेटाची कलाउपापा ही सखल जीभ समुद्रात शिरलेली आहे. तीन बाजूंना खवळलेलं पाणी, चौथीकडे सरळसोट कडा. जानेवारी १८६६ मध्ये पहिले रुग्ण इथे आणून उतरवले. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८,००० माणसं आली. वसाहतीत बाळ जन्मलं की ते आईपासून काढून घेत. भेटीला आलेल्यांना जाळीआडून बोलावं लागे. १८७३ मध्ये आलेले फादर डेमियन जखमा बांधत, शवपेट्याही ठोकत. १८८९ मध्ये ते याच रोगाने गेले.

औषध एकच, कडू कवठाच्याच भाईबंदांचं चौलमुग्रा तेल. प्यायलं की उलटी. टोचलं तर गोळा होऊन कातडीखाली तसंच बसायचं.

याचं कारण तेलाच्या रेणूत आहे. ग्लिसरॉलच्या एका कण्याला मेदाम्लाच्या तीन लांब शेपट्या. इथे बहुतेक शेपट्यांच्या टोकाला पाच कार्बनांचं कडं. असला अवजड रेणू पाण्यात मिसळत नाही. होनोलुलूत ॲलिस बॉल या तेवीस वर्षांच्या रसायनतज्ज्ञ तरुणीने कणाच काढून टाकला. आधी मेदाम्लं सुटी केली, मग प्रत्येकाला इथाइल अल्कोहोलचा छोटा तुकडा जोडला. झालं इथाइल एस्टर: पातळ, सुईतून सहज जाणारं, शरीरात शोषलं जाणारं. मला हे रसायन फार देखणं वाटतं. घट्ट तेलाचा पातळ द्रव होतो, आणि टोकाचं कडं जागच्या जागी राहतं!

१९१६ च्या अखेरीस ती वारली. काम विद्यापीठाच्या प्रमुखाने तिचं नावही न घेता छापलं.

या एस्टरच्या इंजेक्शनांनी काही रुग्ण घरी गेले, पण अनेकांचा रोग उलटला. जंतूला खरा आवर १९४६ पासून कलाउपापात दिलेल्या सल्फोन औषधांनी बसला. सक्तीचं विलगीकरण मात्र १९६९ पर्यंत चाललं. दार उघडल्यावरही बरेच जण तिथेच राहिले. त्यांचं घर आता तेच होतं.