बादलीभर खडीत हवा किती?

शेजारी कुठे स्लॅबचं काम निघालं असेल, तर दहा लिटरची बादली 20 एमएमच्या खडीने काठोकाठ भरा आणि वरून मगाने पाणी ओतत जा. भरलेली दिसणारी ती बादली चार लिटरच्या वर पाणी सहज पिते. काळा पाषाण सलग असतो तेव्हा घनमीटरला 2.8 ते 2.9 टन भरतो. तोच फोडून खडी केली की तेवढ्याच जागेत दीड-पावणेदोन टनांपेक्षा जास्त मावत नाही. आपण खडी ब्रासने घेतो, म्हणजे 100 घनफुटांच्या हिशेबाने, आणि त्यातल्या चाळीसेक घनफूट हवेचेही पैसे मोजतो.

यात खाणवाल्याची लबाडी काही नाही. पण ही पोकळी बांधताना भरावी तर लागतेच. ती सगळी सिमेंटने भरायची म्हटलं तर घरमालकाचं दिवाळं निघेल, शिवाय काँक्रीट सुकताना आकसून तडकेल ते वेगळंच. म्हणून वीसच्या खडीच्या फटींत दहाची खडी, तिच्या फटींत वाळू आणि उरल्यासुरल्या जागेत सिमेंटचा लगदा. खाण म्हटलं की दगड डोळ्यांपुढे येतो. गिऱ्हाईक मात्र तिथे माप आणि आकार घ्यायला आलेलं असतं.

आपल्याकडचा हा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरून थिजलेला लाव्हा. वरची माती आणि मुरूम काढला की घट्ट पाषाण लागतो. त्यात रांगेने भोकं पाडून अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं मिश्रण भरतात, साधारण 94 भागांना 6 भाग. भोंगा होतो, माणसं लांब जातात. लांबून एकच धमाका ऐकू येतो, पण सगळी भोकं एकदम उडत नाहीत. पुढची रांग आधी उडते, मागची काही मिलिसेकंदांनी, म्हणजे मागच्या दगडाला सरकायला जागा झालेली असते. सगळं एकाच क्षणी उडवलं तर जमिनीला बसणारा हादरा वाढतो आणि गावातल्या भिंतींना तडे जाण्याची भीती असते.

पडलेला डबर डंपरने क्रशरच्या तोंडाशी येतो. पहिला मान जॉ क्रशरचा. अमेरिकेतल्या एलाय व्हिटनी ब्लेक यांनी त्याचं पेटंट 1858 साली घेतलं आणि मूळ युक्ती अजून तीच आहे. वर रुंद, खाली निमुळता असा जबडा, त्याची एक बाजू स्थिर, दुसरी हलती. सुपारी अडकित्त्यात धरली की पातं आरपार जाण्याआधीच ती टचकन फुटते, तसाच इथे दगड. तो दाब प्रचंड सोसतो, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. दोन बाजूंनी चिमटला की आतून ताणला जातो आणि उकलतो. जबड्याच्या पट्ट्या मँगनीज पोलादाच्या असतात. मार खाईल तसं हे पोलाद वरून आणखी कठीण होत जातं.

अडचण पुढेच आहे. जॉमधून चपट्या चिपा बऱ्याच निघतात. वडार कारागीर दगडाची नस बघून घाव घालायचे, यंत्राला नस दिसत नाही. तुकड्याची जाडी त्याच्या सरासरी मापाच्या 0.6 पटीहून कमी असली की तो चपटा धरतात. अशी खडी काँक्रीटमध्ये आडवी पडते, तिच्याखाली पाणी साचतं, आणि रस्त्यावर रोलरखाली तिचे तुकडे होतात. म्हणून चांगल्या क्रशरवर शेवटी दगडावरच दगड आपटणारं यंत्र असतं. त्यात कडा झडून तुकडे चौकोनी होतात. मग थरथरत्या चाळण्या. मोठं राहिलं ते परत फुटायला, बाकीचं 40, 20, 10 असं ज्याच्या त्याच्या ढिगावर.

4.75 मिलिमीटरच्या चाळणीखाली पडते ती कच. पूर्वी क्रशरच्या मागे तिचे डोंगर नुसते पडून असायचे. नदीच्या वाळूवर निर्बंध आले आणि हीच कच नीट चाळून, धुऊन क्रश सँड म्हणून विकली जाऊ लागली. धुवायची कारण पिठासारखी भुकटी जास्त राहिली तर काँक्रीटला पाणी जास्त लागतं, आणि पाणी वाढलं की ताकद घटते. उरलेली भुकटी हवेत जाते, कामगाराच्या छातीत जाते. पाण्याचे फवारे खरंच चालू असतात की नुसते बसवलेत, हे विचारायची गरज पडत नाही. आसपासच्या झाडांची पानं बघावीत.

प्रत्येक थर खडीच्या लायकीचा नसतो. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे थराच्या माथ्याकडे अडकतात, तिथला दगड भोकाभोकांचा आणि ठिसूळ. चाचणीच्या पिंपात पोलादी गोळ्यांबरोबर 500 फेरे फिरवला की त्याचा भुगा लगेच वाढतो. खाणवाला ही भोकं बघून नाक मुरडतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मात्र अशाच पोकळ्यांमधून कॅव्हनसाइट या गर्द निळ्या खनिजाचे जगातले उत्तम नमुने निघाले आणि देशोदेशीच्या संग्रहांत जाऊन बसले. पोकलेनवाल्याच्या नजरेतून जे सुटले असतील, ते वीसच्या खडीतून कुठल्यातरी स्लॅबमध्ये गेले असणार.