चकचकीत म्हणजे ओरिजिनल? जुन्या फौजी रिव्हॉल्व्हरच्या फिनिशची पार्श्वभूमी

मागच्या रविवारी जुन्या बाजारात एक चामड्याचा होल्स्टर दिसला, रिकामाच अर्थात, तर भावजींनी तिथल्या तिथे मोबाइलवर ब्रिटिश फौजेच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे फोटो शोधले. एक आरशासारखी काळीनिळी, दुसरी कळकट, जागोजागी फिकी पडलेली. निकाल लगेच लागला, पहिली नीट जपलेली आणि दुसरीची वाट लावलेली. आपल्या डोळ्यांना सवयच तशी आहे म्हणा, तांबट आळीतून आणलेलं भांडं चकाकलंच पाहिजे आणि कल्हई उडाली की कल्हईवाला शोधायचा. पण फौजी रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा हिशोब बऱ्याचदा उलटा पडतो.

आधी तो काळानिळा थर, म्हणजे ब्लूइंग, काय असतो ते बघू. हा रंग नाही, मुद्दाम आणलेला आणि वेळेत आवरलेला गंज आहे. जुन्या पद्धतीत लोखंड घासून गुळगुळीत करायचं, आम्लाचं पाणी लावायचं, दमट खोलीत ठेवायचं (पुण्यातल्या जुलैत वेगळी खोली लागली नसती), तांबूस गंज चढला की उकळत्या पाण्यात टाकायचं, म्हणजे त्या गंजाचा काळा ऑक्साइड होतो, मग तारेच्या ब्रशने सुटी पूड झाडायची आणि परत पहिल्यापासून. असं अनेकदा, काही दिवस. नंतर कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंशांवर उकळणाऱ्या द्रावणात बुडवून तेच काम अर्ध्या तासात उरकायची पद्धत आली. पण दोन्हीकडे खरी चमक येते ती खालच्या पॉलिशमुळे, आणि पॉलिशला लागतात माणसं आणि वेळ, जे लढाईत कोणाकडेच नसतं.

म्हणून १९१४ च्या आधीच्या वेब्ली बघितल्या तर बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी निवांत घासलेल्या दिसतात, आणि १९१५ मध्ये आलेली मार्क सहा (मार्क म्हणजे मॉडेलचा क्रमांक), पॉइंट ४५५ इंची गोळीची, त्या मानाने साधी. अमेरिकेत १९१७ मध्ये कोल्टने सैन्यासाठी जी रिव्हॉल्व्हर काढली तिच्यावर तर ब्लूइंगखालून मशीनचे ओरखडे सरळ दिसतात.

दुसऱ्या महायुद्धात तर लाजच सोडली सगळ्यांनी. वेब्लीने पॉइंट ३८ च्या मार्क चारवर चक्क 'वॉर फिनिश' असा शिक्का मारायला सुरुवात केली, म्हणजे बाबांनो हे आमचं नेहमीचं काम समजू नका! स्मिथ अँड वेसनची व्हिक्टरी मॉडेल, जिच्या नंबराआधी व्ही असतो आणि जिची पॉइंट ३८ ची भावंडं धरून पाच लाखांहून जास्त नग ब्रिटन आणि कॉमनवेल्थच्या फौजांकडे गेले, ती युद्धाआधीच्या चकचकीत निळ्यावरून मळकट राखाडी-काळ्या फिनिशवर आली.

हे मळकट फिनिश त्या काळाचंच. लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवायची युक्ती ब्रिटनमध्ये थॉमस कॉस्लेट नावाच्या माणसाने १९०६ मध्ये पेटंट केली, पुढे अमेरिकेत पार्करच्या कंपनीने ती वाढवली म्हणून नाव पडलं पार्करायझिंग. थर खरखरीत असतो, त्यामुळे तेल धरून ठेवतो, उन्हात चमकत नाही आणि दमट हवेत साध्या ब्लूइंगपेक्षा जास्त टिकतो. फौजेला अजून काय हवं?

आता रिफर्बिश, म्हणजे जुनं हत्यार दुरुस्त करून परत नव्यासारखं करणं. इथे लोक 'ओरिजिनल' आणि 'बनावट' असे दोनच कप्पे करतात ते मला पटत नाही. सरकारी कारखान्यातली दुरुस्ती हा त्या हत्याराच्या नोकरीचाच भाग असतो. ब्रिटिश हत्यारांवर एफटीआर म्हणजे फॅक्टरी थरो रिपेअर, कारखान्यातली संपूर्ण दुरुस्ती, अशी अक्षरं दिसतात, युद्धानंतर तर फॉस्फेटवर भट्टीत भाजलेला काळा पेंटही मारला जायचा. एनफिल्ड नंबर दोन या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरमध्ये फिनिशवर भागलं नाही, १९३८ नंतर जुन्या नगांच्या घोड्याचं बोटाने ओढायचं टोकच काढून टाकलं. रशियन नागांत, मॉडेल १८९५ चं, युद्धानंतर ढिगाने परत काळं केलं गेलं, खालचे गंजाचे खड्डे तसेच ठेवून. आणि गंमत म्हणजे १९१७ ची अमेरिकन रिव्हॉल्व्हर पार्कराइझ्ड दिसली तर तेच नंतरचं काम, कारण मूळची निळी होती. म्हणजे मळकट ते ओरिजिनल असाही सोपा नियम नाही.

वेगळी गोष्ट आहे ती बाजाराची. १९५० च्या दशकात फौजेतून निघालेल्या व्हिक्टरी व्यापाऱ्यांनी घेतल्या, पॉलिश केल्या, काहींवर निकल चढवलं, काहींचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, दुसऱ्या काडतुसासाठी बदललं आणि विकल्या. हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, फिरला की शिक्क्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, स्क्रूच्या भोकाभोवती खळगी पडते, सपाट बाजू आणि धारदार कोपरे गोलसर होतात. स्मिथ अँड वेसनचा घोडा आणि चाप यांच्यावर पाण्यावर तेल सांडल्यासारखे रंग असायला हवेत, तेही काळे असले तर सगळंच एकत्र बुडवलंय. कधीकधी गरम द्रावणात नीट न धरलेला भाग जांभळट होतो, तोही बोलतो.

घरी येऊन भावजींचा पहिला फोटो झूम करून बघितला. मार्क चार होती. फ्रेमवर 'वॉर फिनिश', अर्धी अक्षरं बफने खाल्लेली, आणि त्यावर तो आरसा.