टॉर्क कन्व्हर्टर मागवण्याआधी एवढं वाचा

जुन्या अमेरिकन ऑटोमॅटिक गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"इंजिन झालं. आता कन्व्हर्टर कितीचा टाकू? अडीच हजार आरपीएमचा की तीन हजारांचा?" आम्हाला येणारे बरेचसे फोन याच वाक्याने सुरू होतात. कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा डबा, आणि हे हजार म्हणजे त्याचा 'स्टॉल'; तो काय ते पुढे सांगतो. उत्तर देण्याआधी आम्हीच उलट सात-आठ प्रश्न विचारतो आणि समोरच्याला वाटतं, हे टाळाटाळ करतायत. ते प्रश्न कशासाठी असतात, हे एकदा लिहूनच द्यावं म्हणून हे पत्रक.

शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडे शेव्हरोलेची माया आहे. आमच्याकडे येतात त्या मात्र बहुतेक साठ-सत्तरच्या दशकातल्या इम्पाला आणि त्यांची भावंडं. कुणाला मूळचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स, कुणी तो काढून तीन गिअरचा टर्बो ३५० बसवलेला, मधूनच एखादी टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सवाली डॉज. पत्रक आहे ते हलकं काम केलेल्या गाडीसाठी: ५.७ लिटरचं, म्हणजे ३५० घन इंचांचं व्ही-८, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, हेडर (मोकळे एक्झॉस्ट पाइप), मूळपेक्षा थोडा मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). रविवारी सकाळी बाहेर काढायची, घरच्यांना बसवून लोणावळ्याला न्यायची गाडी. ड्रॅग स्ट्रिपवाल्यांनी आमच्याशी वेगळं बोलावं.

डब्यात काय चालतं

कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेला, वेल्ड करून बंद केलेला, मेदूवड्याच्या आकाराचा पोलादी डबा. आत पात्यांची तीन चक्रं. पंप इंजिनासोबत फिरतो आणि तेल फेकतो. टर्बाइनवर ते तेल आदळतं आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतो. दोघांच्या मध्ये स्टेटर. परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून तो ते पुन्हा पंपाच्या कामी लावतो, आणि त्यामुळे गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळजवळ दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो. जर्मन इंजिनिअर हेरमान फोटिंगर यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत ही चीज बरीच नंतर आली.

स्टेटर एकाच दिशेला फिरणाऱ्या क्लचवर बसवलेला असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. टर्बाइनचा वेग पंपाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आला की स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि टॉर्क वाढवणं थांबतं. हा छोटा क्लच गेला की तक्रारी मोठ्या गमतीशीर येतात. तो दोन्हीकडे मोकळा फिरू लागला तर उठाव मेलेला, पण वेगात गाडी छान. जाम झाला तर उठाव छान, पण वेगात गाडी दबते आणि तेल तापतं. पहिल्या तक्रारीवर लोक कार्ब्युरेटर तीन-तीनदा उघडतात.

स्टॉलचा आकडा

ब्रेक दाबून, डी मध्ये टाकून पूर्ण एक्सलेटर दिला, तर चाकं अडलेली असताना इंजिन ज्या आरपीएमला जाऊन अडतं तो स्टॉल. मूळच्या टर्बो ३५० मध्ये साधारण १६०० ते १८००.

इथेच सगळा घोळ होतो. खोक्यावर ३००० छापलेलं असलं तरी तुमच्या गाडीत तो ३००० निघेलच असं नाही, कारण तो आकडा इंजिनाच्या टॉर्कवर ठरतो. हिशोब सोपा आहे: स्टॉल टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. इंजिनाचं काम करून टॉर्क २० टक्के वाढला, तर तोच जुना १७०० चा कन्व्हर्टर आता साधारण १८६० ला अडेल. एक पैसाही कन्व्हर्टरवर न घालता! उलट, मोठ्या ब्लॉकच्या इंजिनावर २८०० मोजलेला कन्व्हर्टर त्याच्या साठ टक्के टॉर्क असलेल्या इंजिनामागे लावला, तर २१७० च्या आसपासच थांबेल. म्हणून विकणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न असतो: हा आकडा कुठल्या इंजिनावर मोजला?

एक गाडी आठवते. १९६५ ची इम्पाला, २८३ घन इंचांचं इंजिन, पॉवरग्लाइड, ३.०८ चा डिफ (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचं प्रमाण). मालकांच्या पुतण्याने न्यू जर्सीहून येताना कन्व्हर्टर चक्क चेक-इन बॅगेत आणला, कपडे हँडबॅगेत. खोक्यावर ३०००. गाडीत बसवल्यावर निघाला २४०० च्या जवळपास. म्हणजे सांगितलेला आकडा मिळाला नाही, आणि जो मिळाला तोही त्या गाडीला जास्तच. एक्सलेटर दिला की आधी आवाज चढायचा, गाडी मागाहून निघायची, ताणलेल्या रबरासारखी. दोन महिन्यांत मालकांनी डिपस्टिक काढून आमच्या नाकाखाली धरली: तेल चहासारखं, करपलेल्या दुधाचा वास. आम्ही १९०० च्या घरातला ११ इंची कन्व्हर्टर बसवला. पुतण्याचा अजून बाकावर आहे. कुणाला मोठ्या इंजिनासाठी हवा असेल तर बोला.

तेल का जळतं

अडलेल्या कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. २२०० आरपीएमला ४०० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ९२ किलोवॅट. घरातले दोन किलोवॅटचे ४५ गिझर त्या एका डब्यात एकदम चालू केल्यासारखं. म्हणून स्टॉल टेस्ट पाच सेकंदांच्या वर कधीही करू नका. ती झाली की न्यूट्रलमध्ये टाकून एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, तेल निवू द्या. चाकं अडवायला ठोकळे लावा आणि गाडीपुढे कुणालाही उभं करू नका. मागची चाकं घसरली तर आकडा खोटा, पुन्हा करण्याचा मोह आवरा.

रोजच्या चालवण्यात हेच हळूहळू होतं. स्टॉल जितका वर, तितकं गर्दीत घसरणं जास्त, तितकं तेल गरम. तेल ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहिलं तर गिअरबॉक्स सुखात असतो. मे महिन्यात दादरच्या सिग्नलला, एसी चालू ठेवून, फक्त रेडिएटरच्या टाकीतल्या नळीच्या भरवशावर ते राहत नाही. मूळपेक्षा वरचा स्टॉल घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही वेगळा ऑइल कूलर लावायला सांगतो, रेडिएटरमधून आलेलं तेल पुढे त्यातून जाईल असा. नको म्हणणाऱ्याला कन्व्हर्टरही देत नाही. हा आमचा हट्ट समजा.

खंबाटकीसारखा घाट चढताना लिव्हर डी मध्येच ठेवू नका. तीस-चाळीसच्या वेगाने, टॉप गिअरमध्ये, अर्धा एक्सलेटर दाबून चढणं म्हणजे कन्व्हर्टरला सतत घसरायला लावणं. खालच्या गिअरमध्ये टाका. आवाज वाढेल, तेल कमी तापेल.

मग तुमच्या गाडीला कितीचा?

कॅमपासून सुरुवात करतो. कॅमचं कार्ड सांभाळून ठेवलं असेल तर ते आणा, त्यावर ०.०५० इंच लिफ्टला किती अंश लिहिलेत (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो त्याचं माप), ते आम्ही पाहतो. २१० ते २२० अंशांचा कॅम आणि ३.०८ ते ३.३६ चा डिफ असेल तर आम्ही १९०० ते २२०० च्या पुढे जात नाही. २२४ ते २३० अंश आणि ३.५५ किंवा ३.७३ चा डिफ असेल तर २२०० ते २५००. त्याहून मोठा कॅम असेल तर गाडी 'हलकं काम केलेली' राहिली नाही, हे मान्य करून पुढे बोलू.

कॅम मोठा आणि कन्व्हर्टर मूळचा, अशीही गाडी त्रास देते. डी मध्ये टाकली की इंजिन दबतं, सिग्नलला बंद पडतं. मग मेकॅनिक आयडल वाढवून देतो, आणि गाडी ब्रेकवर पाय असतानाही पुढे रेटू लागते. अशा गाडीला दोन-तीनशे आरपीएम वरचा कन्व्हर्टर हे खरं औषध. पण आधी आयडलवरचा व्हॅक्यूम (इंजिनाचा हवा ओढण्याचा जोर, पाऱ्याच्या इंचांत) मोजा. मूळ इंजिन १८ ते २० इंच दाखवतं, हलक्या कॅमवर १४-१५ चालतो. त्याच्या बराच खाली गेला तर ब्रेकचा बूस्टर कमजोर पडतो आणि टर्बो ३५० चा मॉड्युलेटरही (व्हॅक्यूमवर चालणारा, गिअर बदलण्याची वेळ ठरवणारा भाग) गिअर उशिरा, धक्क्याने टाकू लागतो. तो दोष कन्व्हर्टरने जाणार नाही.

मग डिफ आणि टायर. २७ इंची टायर आणि ३.०८ चा डिफ असेल तर ८० च्या वेगाला इंजिन साधारण १९०० आरपीएमवर असतं, ३.७३ वर २३०० च्या थोडं वर. हायवेला हळुवार एक्सलेटरवर कन्व्हर्टर स्टॉलच्या आकड्याच्या खालीही ठीक चालतो, कारण भार कमी असतो. पण नेहमीचा वेग आणि स्टॉल यांत फार अंतर पडलं, तर तेल आणि पेट्रोल दोन्हीचा खर्च वाढतो.

पहिला गिअर हा विसरला जाणारा मुद्दा. पॉवरग्लाइडचा १.८२ किंवा १.७६, टर्बो ३५० चा २.५२, चार गिअरच्या ७०० आर ४ चा ३.०६. पहिला गिअर जितका जोरकस, तितकी कन्व्हर्टरकडून कमी मदत लागते. म्हणून स्टॉल वाढवून उठाव मिळवायला निघालेल्या पॉवरग्लाइडवाल्यांना आम्ही अनेकदा सांगतो, हेच पैसे टर्बो ३५० मध्ये घाला. ७०० आर ४ ला ०.७० चा ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप (कन्व्हर्टरचं घसरणं बंद करणारा क्लच) आहे, ३.७३ च्या डिफवरही ८० ला इंजिन १६०० च्या आसपास. एक्स्प्रेसवेवर जाणाऱ्याला सोन्याहून पिवळं, नुसतं गल्लीत फिरणाऱ्याला लॉक-अपचा उपयोग नाही. पण तिथे टीव्ही केबल (कार्ब्युरेटरला जोडलेली, गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब ठरवणारी तार) अचूक लावलेली नसेल तर गिअरबॉक्सचे क्लच जळतात, आणि दोष कन्व्हर्टरवर येतो.

मापं आणि बसवणं

फ्लेक्सप्लेट (इंजिनामागची दातेरी चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) १५३ दात्यांची की १६८, बोल्टचं वर्तुळ १०.७५ इंची की ११.५, हे मोजून सांगा. फोटोवरून ठरवायला लावू नका. आतली पाती नुसती दाबून बसवलेली न घेता भट्टीत ब्रेझ केलेली (झाळून पक्की केलेली) आणि वॉशरऐवजी नीडल बेअरिंग असलेली घ्या. हलक्या कामाच्या गाडीलाही हे वसूल होतं.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओततो. मग तो फिरवत फिरवत आत ढकलायचा. तीन ठिकाणी बसल्याचं हाताला कळतं: शाफ्टचे स्प्लाइन (लांबट दाते), स्टेटरचे स्प्लाइन आणि शेवटी गिअरबॉक्सच्या तेल-पंपाच्या खाचा. गिअरबॉक्स इंजिनाला टेकला की कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) हाताने टेकत नसेल, तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. पहिल्या स्टार्टलाच गिअरबॉक्सचा पंप फुटतो. बाहेर बसवून घेत असाल तर हा परिच्छेद तुमच्या फिटरला वाचून दाखवा, त्याला राग आला तरी.

आधीचा गिअरबॉक्स जळलेला असेल तर कूलर आणि नळ्या धुतल्याशिवाय नवा कन्व्हर्टर जोडत नाही. जुना कापून पाहिलाय कधी? तळाशी चांदीच्या वर्खासारखा चुरा साचलेला असतो. तोच नळ्यांतही असतो.

येताना कॅमचं कार्ड, डिफचा आकडा (माहीत नसेल तर आम्ही चाक फिरवून मोजू), टायरचं माप आणि गिअरबॉक्सच्या पॅनचा खालून काढलेला फोटो आणा. बसवल्यावर पाचशे किलोमीटरनंतर तेल दाखवायला या. टर्बो ३५० चं तेल इंजिन गरम आणि चालू असताना, सपाटीवर, पार्कमध्ये पाहायचं, टॉर्कफ्लाइटचं न्यूट्रलमध्ये.

आणि काढलेला मूळ कन्व्हर्टर भंगारात देऊ नका. उद्या गाडी विकायची ठरली तर घेणारा मूळ सामान मागतो. हबला तेल लावून, तोंडाला प्लास्टिकची टोपी घालून, आडवा ठेवा.