पूल किती रुपयांचा, किती वर्षांचा?

5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. तो 1970च्या सुमारास वाहतुकीला खुला झाला होता, म्हणजे वय जेमतेम सोळा वर्षं. काही माणसांचा जीव गेला. नवा पूल सुरू व्हायला 1992 उजाडलं. मधल्या काळात नदीच्या पलीकडच्या काठावरच्या बेतीच्या फेरीबोटींवर पुन्हा भार आला. धक्क्यावरच्या रांगेत गेलेले तास आणि बुडालेले रोज कुठल्याही सरकारी हिशेबात लिहिले गेले नाहीत. पुलाची किंमत मोजताना आपली सगळ्यात मोठी चूक इथेच होते, असं मला वाटतं.

त्या पुलाला खाल्लं गंजाने. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या पुलात पोलादी केबल खूप ताणून काँक्रीटच्या पोटात अडकवलेल्या असतात. त्या ताणावरच पूल उभा असतो. केबलच्या नळीत सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, नीट भरलं गेलं नाही, तर आत पोकळ्या राहतात. खाडीवरच्या खाऱ्या हवेतला ओलावा आणि मिठातलं क्लोराइड तिथवर पोचलं की केबलच्या तारा एकेक करून तुटू लागतात. साध्या सळईचा गंज फुगतो, वरचं काँक्रीट फोडतो, त्यामुळे तो निदान दिसतो तरी. केबल मात्र आतल्या आत झिजते आणि बाहेरून गर्डर धडधाकट दिसतो. वाशीच्या 1973 सालच्या खाडीपुलालाही केबलच्या गंजानेच छळलं.

सळईवरच्या काँक्रीटच्या थराला साइटवर नुसतं ‘कव्हर’ म्हणतात. काँक्रीटमधून क्लोराइड आत झिरपतं ते फार सावकाश, आणि पोचायला लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 25 मिलिमीटरचं कव्हर 50 केलं, तर वेळ दुप्पट नव्हे, जवळपास चौपट मिळतो. काँक्रीट तेवढंच चांगलं हवं, हे गृहीत धरून. त्यासाठी लागणारा जादा माल किरकोळ असतो. उलट हे अंतर राखणारे सळईखालचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, सरकले किंवा लावलेच नाहीत, तर पुलाच्या आयुष्यातली कित्येक वर्षं त्याच दिवशी गळून पडतात.

आता सुरक्षिततेकडे येऊ. ‘पूल सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर आपल्याला हवं असतं, पण संशोधक ते शक्यतेच्या भाषेत देतात. पुलाची ताकद हा एक ठाम आकडा नसतो. काँक्रीट, पोलाद, कारागिरी सगळ्यात थोडा कमीजास्तपणा असतो, आणि भारातही असतो. म्हणून दोन्हींची सरासरी आणि त्यांचा पसारा, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातात (प्रमाण विचलन), असं दोन्ही धरावं लागतं. सरासरी ताकद आणि सरासरी भार यांच्यातलं अंतर एकत्रित पसाऱ्याच्या किती पट आहे, हा झाला विश्वसनीयता निर्देशांक. अमेरिकेत नव्या पुलांच्या संकल्पनासाठी 75 वर्षांच्या काळाला तो 3.5च्या आसपास असावा, असं धरतात.

एक काल्पनिक पूल घेऊ. ताकद सरासरी 100, पसारा 10. भार सरासरी 60, पसारा 6. निर्देशांक येतो 3.4, म्हणजे भार ताकदीपेक्षा वरचढ होण्याची शक्यता साधारण 3,300 मध्ये एक. काही वर्षांनी गंजाने ताकद 85वर आली, आणि कुठे किती गंज आहे हे नक्की माहीत नसल्याने पसारा 12 झाला. ट्रक जड झाले, डांबराचे थर चढले. भार 65, पसारा 7. आता निर्देशांक 1.4 आणि शक्यता 13 मध्ये एक! ताकद फक्त 15 टक्क्यांनी घटली, पण धोका अडीचशे पटींनी वाढला. हे गणित पहिल्यांदा हाताने करून पाहिल्यापासून पुलावर नवं डांबर पडताना दिसलं की मला आनंद होत नाही. साडेसात मीटर रुंद, शंभर मीटर लांब पुलावर जुना थर न खरवडता 10 सेंटिमीटरचा नवा थर टाकला, तर सुमारे 170 टनांचं ओझं कायमचं बसतं.

पसारा वाढला तो अज्ञानामुळेही, हेही लक्षात घ्यायला हवं. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसटी बस त्यात वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरवला गेला होता. पण नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीत पाण्याखालचा पाया दिसत नाही, आणि पुरात नदी खांबाच्या बुडाची माती उकरते ती तिथेच. पाण्याखालची तपासणी आणि पायाजवळची खोली मोजणारी यंत्रं यांनी पूल मजबूत होत नाही, आपलं अज्ञान कमी होतं. निर्देशांकाच्या हिशेबात त्यालाही रोकडी किंमत आहे.

पैशाचा भाग अवघड आहे. 1984 मध्ये डी सिटर या अभियंत्याने ‘पाचाचा नियम’ मांडला. बांधताना नीट कामासाठी लागणारा एक रुपया वाचवला, तर गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीत पाच, गंज सुरू झाल्यावर पंचवीस आणि तो पसरल्यावर सव्वाशे रुपये मोजावे लागतात. हा ढोबळ ठोकताळा आहे, पण दिशा बरोबर आहे. तरीही निविदेत सर्वांत स्वस्त बोली जिंकते, आणि त्याला शास्त्रीय आधारही सापडतो: वटावाचा दर, म्हणजे पुढे खर्चायच्या पैशाची आजची किंमत काढताना ती दर वर्षामागे जितक्या टक्क्यांनी कमी धरतात तो दर. समजा, 30 वर्षांनी 10 कोटींची दुरुस्ती येणार आहे आणि आज 2 कोटी जादा घातले तर ती टळेल. 8 टक्के दराने त्या 10 कोटींची आजची किंमत अवघी 1 कोटी भरते, म्हणून जादा खर्च नामंजूर. 3 टक्के दराने तीच किंमत 4 कोटींवर जाते आणि खर्च मंजूर! पूल तोच, समुद्र तोच. ब्रिटनचं अर्थखातं अशा कामांना 3.5 टक्के दर लावतं आणि 30 वर्षांपुढे तो आणखी उतरवतं. मला हे योग्य वाटतं, कारण दुरुस्तीचं बिल भरणारी माणसं आज मत द्यायला हजर नसतात.

त्यात फेरीबोटीच्या रांगेतले तास धरले, तर पारडं आणखी झुकतं. आयुष्यभराच्या खर्चाच्या सूत्रात बांधणी, पाहणी आणि दुरुस्तीबरोबर पूल बंद राहिल्याने लोकांचं होणारं नुकसान असतं, आणि पूल पडण्याची शक्यता गुणिले त्यातून होणारी हानीही असते. गजबजलेल्या पुलावर शेवटचे हे दोन आकडे बाकीच्यांना सहज मागे टाकू शकतात.

मेक्सिकोत प्रोग्रेसो इथे समुद्रात गेलेला एक लांबलचक धक्का आहे. 1937 ते 1941 या काळात तो बांधताना सळया स्टेनलेस स्टीलच्या घातल्या, साध्या सळईच्या कित्येक पट महाग. तो आजही वापरात आहे. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळयांचा दुसरा धक्का बांधला गेला. त्याचे आता पाण्यातून वर आलेले मोडके अवशेष तेवढे उरले आहेत.