हायकिंग शॉर्ट्स (पुरुषांची), बेळगाव सीमाभाग

हायकिंग शॉर्ट्स म्हणजे डोंगरात, रानात, गडावर चालायला म्हणून शिवलेली, गुडघ्याला टेकणारी किंवा थोडी वर राहणारी पँट. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हद्दीपलीकडं चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यात तिला हाफ पँट, बर्मुडा किंवा नुसतं चड्डी म्हणतात. घरात घालायच्या बर्मुड्यात आणि हिच्यात लांबून बघितलं तर फारसा फरक दिसत नाही, तो कळतो तीन-चार तास चालल्यावर, म्हणजे बर्मुडा घामानं जड होऊन मांडीला चिकटतो, खिशातला मोबाईल प्रत्येक पावलाला आपटत राहतो, आणि एखाद्या उंच दगडावर पाय टाकला की मागची शिवण उसवते. हायकिंगची शॉर्ट्स हे तिन्ही प्रकार होऊ नयेत म्हणून शिवलेली असते, बाकी तिच्यात जादू काही नाही.

या भागात ती निवडताना एक अडचण असते जी बाहेरच्या सल्ल्यात कधी येत नाही. इथं एका जिल्ह्यात दोन मुलूख आहेत. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, म्हणजे सह्याद्रीचा माथा, गच्च जंगल, जांभ्याची लाल माती, आणि जूनपासून असा पाऊस की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, म्हणजे उघडे खडक, काळी माती, खुरटी झुडपं आणि मार्चपासून डोक्यावर ऊन. मधे बेळगाव शहर. त्यामुळं शॉर्ट्स घेताना ब्रँड कुठला हा प्रश्न मागाहून येतो, आधी आपण रविवारी कुठल्या दिशेला जाणार ते ठरवायचं, आणि दोन्हीकडं जात असाल तर नेमकी कशात तडजोड करायची तेही.

कापड

सुती शॉर्ट्स घालून राजहंसगडावर जाऊन यायला काहीच हरकत नाही, गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते, सिद्धेश्वराचं दर्शन, शिवाजी महाराजांचा पुतळा, फोटो, परत. पण दिवसभर चालायचं असेल तर सुती कापड नको. कापूस हवेतला ओलावाच स्वतःच्या वजनाच्या साधारण 7 ते 8 टक्के धरून ठेवतो, नायलॉन 4 टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. घाम आणि पाऊस यांचा हिशोब याच क्रमानं लागतो, म्हणजे सुती सगळ्यात उशिरा वाळणार, पॉलिस्टर सगळ्यात आधी. मग पॉलिस्टरच घ्यावं की, असं वाटेल, पण पॉलिस्टरला घामाचा वास लवकर धरतो आणि करवंदीच्या काट्यात अडकलं तर नायलॉन जास्त टिकतं. म्हणून चांगल्या हायकिंग शॉर्ट्स बहुतेक नायलॉनच्या असतात, त्यात थोडं इलास्टेन मिसळलेलं, म्हणजे तेच जे दुकानात स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा म्हणून सांगतात. ते थोडंच असावं. जास्त असलं की कापड वाळायला वेळ लागतो आणि काही महिन्यांत ढिलं पडतं.

रिपस्टॉप म्हणून एक विणीचा प्रकार असतो, कापडात बारीक चौकटी दिसतात. ठराविक अंतरावर जाड धागा घातलेला असतो त्यामुळं एकदा फाटलं तरी फाट पुढं पळत नाही. खानापूरच्या बाजूला जाणाऱ्यांनी हे बघून घ्यावं.

विणकाम कुठलं आहे हेही बघायचं. टी-शर्टसारखं जाळीदार होजिअरीचं कापड मऊ लागतं, पण ऑक्टोबरनंतर माळावर कुसळं पिकली की ती त्यात अशी घुसतात की घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं, आणि तरी एखादं राहतंच आणि नको तिथं टोचतं. घट्ट विणलेल्या गुळगुळीत नायलॉनवरून कुसळ झटकलं की पडतं. वैजनाथच्या डोंगरावर किंवा महिपाळगडाच्या बाजूला दिवाळीनंतर जाणाऱ्याला यातलं वेगळं काही सांगायला नको.

पाणी झटकणाऱ्या कोटिंगचं फार कौतुक करतात. रिमझिम असेल तर ठीक आहे, कणकुंबीच्या पावसात कुठल्याच कोटिंगचा निभाव लागत नाही, तिथं भिजणार हे धरूनच चालायचं आणि लवकर वाळेल ते घालायचं.

लांबी आणि माप

लांबी मोजतात ती आतल्या शिवणीवरून, मांड्यांच्या मधून खाली पायाच्या काठापर्यंत, आणि ती इंचात सांगतात. 5 इंची पळायला, 7 इंची बहुतेकांना चालते, 9 किंवा 10 इंची गुडघ्यावर येते. उंच माणसाला 7 इंची फार वर वाटेल आणि बुटक्याला तीच गुडघ्याजवळ येईल, म्हणून नुसता आकडा बघून ऑनलाइन मागवू नये. या भागासाठी 9 इंच बरी, गडावर देऊळ असतंच, गावातून वाट जाते, विहिरीवर बायका असतात, आणि बसमधे शेजारी कोण बसेल सांगता येत नाही. गुडघा झाकला की कोणी वळून बघत नाही. मात्र गुडघ्याच्या खाली जाणारी थ्री-फोर्थ चढायला वाईट, गुडघा वाकवला की कापड त्यावर ताणतं आणि प्रत्येक पायरीला आपणच ती वर ओढत बसतो.

दुकानात घालून बघताना आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. उकिडवं बसून बघायचं, एक पाय स्टुलावर ठेवून बघायचं, मोबाईल आणि गाडीची किल्ली खिशात टाकून दुकानातच चार फेऱ्या मारायच्या. दुकानदार म्हणेल काय गा हे, म्हणू दे. उकिडवं बसल्यावर मागं कंबर खाली सरकत असेल किंवा मांडीवर कापड कचकचीत होत असेल तर ती पँट ठेवून द्यायची, मग कितीही सवलत असो.

मोकळेपणा येतो तो आसनात जोडलेल्या तुकड्यानं, याला गसेट म्हणतात. साध्या पँटीत चार शिवणी एका जागी येऊन मिळतात आणि सगळा ताण नेमका तिथं पडतो, तिथंच उसवतं. गसेट घातला की शिवणी बाजूला सरकतात, पाय हवा तसा फाकतो, आणि मांड्यांच्या मधे जाड शिवण घासत नाही. ही युक्ती आपल्या शिंप्यांना नवीन नाही, सलवारीच्या, लेंग्याच्या आसनात कापडाचा तुकडा घालायची पद्धत जुनीच आहे. शहापूर-वडगावच्या गल्लीतल्या शिंप्याला आवडती पँट दाखवून तशीच शिवून दे म्हटलं तर तो शिवून देतो, फक्त कापड आपण न्यावं लागतं आणि त्याच्याकडून दुहेरी टीप मारून घ्यावी लागते.

कंबर, खिसे

पाठीवर सॅक असेल आणि तिचा पट्टा कंबरेला बांधत असाल तर खाली चामड्याचा बेल्ट नको. बेल्टचं बक्कल आणि सॅकचा पट्टा एकावर एक येतात, तासाभरात कंबरेला काच पडतो. सपाट इलास्टिक, आत चपटी नाडी, एवढं पुरतं. गोल जाड नाडीची गाठही पट्ट्याखाली टोचते.

खिसे कमी असावेत पण चेनचे असावेत. मांडीच्या बाजूला एक चेनचा खिसा, तो पुढं नाही तर थोडा मागच्या बाजूला, म्हणजे मोबाईल गुडघ्याच्या हालचालीत येत नाही. सहा-सहा खिशांची कार्गो स्वस्तात सगळीकडं मिळते. तसले मोठे मांडीवरचे खिसे 1930 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सैन्याच्या पोशाखात आले, सैनिकाला ते उपयोगीच होते, पण आपण त्यात भरतो शेंगदाण्याची पुडी, चार्जर, बाटली, आणि चालताना ते सगळं दोन्ही बाजूला झोके घेतं. खिशाच्या तळाला जाळी असेल तर फार छान, ओढ्यातून गेलं तरी पाणी साठत नाही.

आतून काय घालायचं हे कोणी विचारत नाही आणि खरा त्रास तिथूनच होतो. वर दोन हजारांची नायलॉनची शॉर्ट्स आणि आत सुती अंडरवेअर, मग घाम आतच राहणार, मांडीला मांडी घासून सोलवटणार, आणि पावसाळ्यात ओल्या कपड्यात दिवस काढला तर जांघेत गजकर्ण ठरलेलं. पॉलिस्टरची लांब पायाची बॉक्सर ब्रीफ घातली की निम्मा प्रश्न सुटतो. काही शॉर्ट्सना आत जाळीचं अस्तर शिवलेलं असतं, ते पळणाऱ्यांना आवडतं, दिवसभर चालणाऱ्याला टोचतं, कापून टाकता येतं. निघताना मांडीला थोडं व्हॅसलीन लावलेलं बरं.

शॉर्ट्स कधी घालू नये

पश्चिमेच्या जंगलात डिसेंबर ते मे शॉर्ट्स नको, हे स्पष्ट लिहायला हवं कारण नेमके त्याच दिवसांत ट्रेकचे ग्रुप निघतात. कारण आहे गोचीड. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, 1957 साली शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला, तो गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो आणि कोरड्या महिन्यांत वाढतो. तो मलनाडापुरता, म्हणजे शिमोग्याकडच्या डोंगराळ पट्ट्यापुरता, राहिलेला नाही, चोर्ला घाटाखालच्या गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही त्याचे रुग्ण सापडले आहेत, म्हणजे आपल्या जंगलाला लागूनच. तेव्हा या दिवसांत पूर्ण पँट, ती मोज्यात खोचलेली, आणि उघड्या अंगाला गोचीड पळवणारं तेल. कर्नाटकात आरोग्य खातं यासाठी डेपा तेल वाटतं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. घरी आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाकायचे आणि अंग नीट तपासायचं.

जळवांचं उलटं आहे. पावसाळ्यात कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला जळवा इतक्या असतात की उभं राहायची सोय नाही, आणि बरेच जण म्हणतात पूर्ण पँट घाला. पण पूर्ण पँटीच्या आत शिरलेली जळू कळतच नाही, घरी गेल्यावर रक्त बघून कळते, आणि ओली पँट पायाला चिकटून जड होते ते वेगळंच. शॉर्ट्स आणि गुडघ्यापर्यंत घट्ट विणीचे जळूमोजे हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं, चढणारी जळू डोळ्यांना दिसते आणि नखानं काढून टाकता येते. काहीजण मोज्यावर मीठ किंवा तंबाखूचा चुरा चोळतात, निपाणी जवळ असल्यावर तंबाखूला तोटा नाही, पण पावसात दोन्ही धुऊन जातं, परत परत चोळावं लागतं.

खाजकुईली हा तिसरा शत्रू. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की त्यावरची लव वाऱ्यानंसुद्धा अंगावर येते आणि उघड्या पोटऱ्यांची आग आग होते. ज्या वाटेला ही आहे तिथं शॉर्ट्स घालणारा एकदाच घालतो. वाटाड्या गावातला असेल तर आधी विचारून घ्यावं, त्याला वेल कुठं आहे ते माहीत असतं. भीमगड अभयारण्यात आत जायला तर वनखात्याची परवानगीच लागते, तेव्हा हे सगळं तिथंच विचारता येतं.

पूर्वेकडं अडचण वेगळी. गोकाक धबधब्याच्या वरचे खडक, सौंदत्तीचा परसगड, तिथं सावली नाही आणि दगडाची झळ खालून लागते. शॉर्ट्समधे पोटऱ्या आणि गुडघ्याची मागची बाजू भाजून निघते, तिथं सनस्क्रीन लावायचं कोणाला सुचत नाही. कापडावर यूपीएफ 50 (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) लिहिलेलं असेल तर त्यातून साधारण 2 टक्केच अतिनील किरण आत जातात, पण जिथं कापडच नाही तिथं त्याचा काय उपयोग. सकाळी लवकर जाऊन दहाच्या आत उतरणाऱ्याला शॉर्ट्स उत्तम, दुपार काढायची असेल तर पातळ पूर्ण पँट. झिप लावून पाय वेगळे करता येणारी पँट दोन्हीला चालते असं सांगतात, चालतेही, फक्त ती चेन बरोबर गुडघ्याच्या वर येते आणि काहींना घासते, घालून बघूनच घ्यावी.

लोक काय म्हणतील

चड्डीवर फिरणं या भागाला नवीन नाही. खानापूर तालुक्यात भातलावणीला चिखलात उतरणारा शेतकरी गुडघ्यावर चड्डी घालूनच उतरतो, तालमीतली पोरं तशीच, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्यामुळं कॅम्प भागात सकाळी शॉर्ट्सवर पळणारे जवान लहानपणापासून सगळ्यांनी बघितलेले. लाज वाटते ती ऑफिसात जाणाऱ्या मधल्या वर्गाला, आणि ती सुद्धा गावात शिरताना.

देवळाचं मात्र पाळावं. डोंगर चढून गेलं की वर वैजनाथ असतो, सौंदत्तीला यल्लम्मा, कणकुंबीला माउली, आणि काही ठिकाणी गुडघ्यावरचे कपडे चालत नाहीत. सॅकमधे एक पंचा ठेवायचा, कंबरेला गुंडाळला की झालं, वजन नाही आणि घाम पुसायलाही तोच.

एकच शॉर्ट्स सगळीकडं वापरायची असेल तर रंगावर लक्ष द्यावं. फिकट राखाडीवर जांभ्याची लाल माती बसली की ती जात नाही, काळ्यावर धूळ दिसते आणि उन्हात तापतो, मातकट खाकी किंवा गडद हिरवा दोन्हीकडं निभतो. बाहेर लोंबणाऱ्या नाड्या, चमकणारे पट्टे, मोठा लोगो नसेल तर तीच शॉर्ट्स उतरल्यावर हॉटेलात, बसमधे, संध्याकाळी खडेबाजारात पण चालून जाते.

धुणं

उलटी करून, चेन बंद करून, साध्या पावडरनं धुवायची. कपड्याला वास येणारं कंडिशनर घालू नये, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम ओढायचं थांबतं. पाणी झटकायची ताकद कमी झाली असं वाटलं तर लेबलवर इस्त्री चालते का बघून हलकी गरम इस्त्री फिरवली की कोटिंग थोडंफार परत जागं होतं. कडक उन्हात दिवसदिवसभर टाकली तर इलास्टेन मरतं, सावलीत वाळवावी. लाल मातीचा डाग वाळल्यावर आधी ब्रशनं झाडायचा आणि मग पाणी लावायचं, ओल्यावर घासला तर तो आणखी आत जातो.