‘सोळावर बोलणं होतंय ना, मग रेडिओ ठीक’: हे खरं नाही

रत्नागिरीकडचं जयगड बंदर असो की मिरकरवाडा, बोटीवर काम केलेल्या माणसाकडून हे ऐकायला मिळतंच: चॅनल 16 वर, म्हणजे बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवरच्या संकटाच्या आणि हाकेच्या चॅनलवर, आवाज आला की रेडिओची तपासणी झाली.

आवाज आला म्हणजे एक संच त्या क्षणी चालू होता, एवढंच. संकटाचा डिजिटल इशारा जातो चॅनल 70 वरून, आणि तिथे कोणी बोलत नाही. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या 300 सकल टन (ग्रॉस टनेज) आणि त्यावरील मालवाहू जहाजांचं रेडिओ प्रमाणपत्र जास्तीत जास्त 5 वर्षांचं असतं, तरी सर्वेक्षण दरवर्षी होतं. राखीव बॅटरीची क्षमताही 12 महिन्यांच्या आत तपासावी लागते.

खरी गोम इपर्बमध्ये, म्हणजे संकटात जहाजाची जागा कळवणाऱ्या यंत्रात. 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं हे यंत्र दरवर्षी तपासायचं आणि 5 वर्षांच्या आत मान्यताप्राप्त कार्यशाळेत द्यायचं. जहाज बुडताना 4 मीटर खोलीच्या आत ते आपोआप सुटायला हवं. पाण्याच्या दाबाने ते सोडवणारी कळ बहुधा 2 वर्षांनी बदलतात. तिची तारीख वाचायला मात्र कुणाला सवड नसते!

मच्छीमार नौकांना सोलासचे हे नियम लागू नाहीत.