‘हार्मोन पॉझिटिव्ह’ म्हणजे रक्तात हार्मोन वाढलं असं नव्हे

मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये कागलकडची एक बाई आली. वय ४३. डोक्याला स्कार्फ, त्याखालून नुकते उगवलेले बोटभर केस. पिशवीतून फाइल काढून तिनं बायोप्सीचा कागद माझ्यापुढं सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “मॅडम, हितं हार्मोन पॉझिटिव्ह लिवलंय. म्हंजे माझ्या रक्तात हार्मोन लई वाढल्यात न्हवं?”

हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. शिकलेल्या बायकाही तोच विचारतात आणि मनातून स्वतःलाच दोष देतात, की आपल्या खाण्यात काही चुकलं, म्हणून अंगात हार्मोन वाढलं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

ती ओळ रक्ताबद्दल नसते, गाठीबद्दल असते. गाठीच्या पातळ कापावर आम्ही एक खास रंग चढवतो. मायक्रोस्कोपखाली निळसर पेशी पसरलेल्या दिसतात आणि ज्यांच्या केंद्रकात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते चिकटायच्या जागा, आहेत, त्यांची केंद्रकं तपकिरी होतात. शंभरात एक पेशी जरी अशी दिसली तरी रिपोर्टात ‘पॉझिटिव्ह’ लिहितात. इस्ट्रोजेन या रिसेप्टरला चिकटलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. म्हणजे रक्तातलं इस्ट्रोजेन अगदी बेताचं असलं तरी गाठ हार्मोन पॉझिटिव्ह असू शकते.

हे नातं पहिल्यांदा दिसलं ते ग्लासगोमध्ये. जॉर्ज बीटसन या सर्जननं स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईचे बीजकोश काढले आणि गाठी विरघळू लागल्या. १८९६ साली त्यानं ते छापलं. ‘हार्मोन’ हा शब्दच मुळी १९०५ चा! रिसेप्टरचा शोध तर त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, शिकागोत एलवुड जेन्सन यांनी लावला.

आता रक्ताकडे येऊ. पाळी चालू असताना एक मिलिलिटर रक्तात इस्ट्राडायॉल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, साधारण ३० ते ४०० पिकोग्रॅम असतं आणि महिन्याभरात वरखाली होत राहतं. पाळी गेली की ते २० च्या खाली येतं. १० पिकोग्रॅम म्हणजे किती? महापुरात पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा गल्लीत आलेले टँकर आठवा. दहा हजार लिटरचे पाच टँकर घ्या आणि त्या सगळ्या पाण्यात साखरेचा अर्ध्या मिलिग्रॅमचा एकच दाणा विरघळवा. तेवढं. आणि तेवढ्यावरही ती पेशी वाढते.

पाळी गेल्यावर हे थोडंसं इस्ट्रोजेन येतं कुठून? मुख्यतः चरबीतून. तिथलं अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करतं. म्हणून पाळी गेल्यानंतर वाढलेल्या वजनाचा या कॅन्सरशी संबंध लागतो. २००२ साली नऊ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. पाळी गेलेल्या ज्या बायकांचं इस्ट्राडायॉल सर्वांत वरच्या गटात होतं, त्यांना खालच्या गटापेक्षा कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट निघाला. पण हा हजारो बायकांचा हिशेब आहे. एकटीच्या रिपोर्टावरून कॅन्सर आहे की नाही, होईल की नाही, हे सांगता येत नाही. त्यासाठी मॅमोग्राफी आणि बायोप्सीच लागते. ‘हार्मोन चेक’ करून निर्धास्त होणाऱ्या बायकांची मला फार काळजी वाटते.

मग रक्तातल्या हार्मोनची ही तपासणी लागते कधी? कागलच्या ताईंना लागणार होती तेव्हा. केमोनंतर त्यांची पाळी थांबली होती. डॉक्टर लेट्रोझोल सुरू करायच्या विचारात होते. ही गोळी अ‍ॅरोमाटेज बंद पाडते, पण बीजकोश खरोखर थांबलेले असतील तरच ती पुरी पडते. केमोनंतर पाळी थांबली तरी बीजकोश कधीकधी नुसते झोपलेले असतात. अशा वेळी गोळीनं इस्ट्रोजेन घटलं की मेंदू एफएसएच हे बीजकोशांना चालना देणारं हार्मोन जास्त सोडून त्यांना उठवतो. मूल होत नसलेल्या बाईला बीज तयार व्हावं म्हणून हीच लेट्रोझोल देतात, ती याचसाठी. म्हणून पन्नाशीच्या आतल्या बाईत फक्त ‘पाळी बंद आहे’ एवढ्यावर भागत नाही. एफएसएच आणि इस्ट्राडायॉल बघावं लागतं, तेही एकदाच नव्हे, आणि गरज पडल्यास बीजकोश थांबवणारं इंजेक्शन जोडीला द्यावं लागतं. टॅमॉक्सिफेनचं वेगळं आहे. ती रिसेप्टरलाच अडवते. पाळी चालू असलेल्या बाईत ती घेताना रक्तातलं इस्ट्राडायॉल चांगलंच वाढलेलं दिसू शकतं. त्यावरून औषध लागू पडत नाही असं समजून गोळी बंद करू नका.

नेहमीच्या यंत्राचीही मर्यादा आहे. इतक्या कमी पातळीवर त्याचा आकडा डळमळतो, तिथं मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या पद्धतीवर, जास्त भरवसा ठेवता येतो. लेट्रोझोलसारखंच अ‍ॅरोमाटेज बंद पाडणारं एक्झेमेस्टेन हे औषध चालू असेल तर काही पद्धतींत यंत्र त्यालाच इस्ट्राडायॉल समजतं आणि आकडा खोटाच वर जातो.

रक्त काढण्याआधी मी ताईंना विचारलं, “दुसरं काही घेता? टॉनिक, गोळ्या?”

“न्हाई ओ. केस लवकर यावंत म्हणून पोरीनं त्या बायोटिनच्या गोळ्या आणून दिल्यात, तेवढंच.”

बायोटिन या जीवनसत्त्वाचा मोठा डोस काही यंत्रांवर इस्ट्राडायॉलचा आकडा खोटा वाढवतो. मी सुई खाली ठेवली. तीन दिवस ती गोळी बंद ठेवून परत या म्हटलं आणि फॉर्मवर त्या गोळीचं नाव लिहून ठेवलं.